एक अभिनंदन कमी

वूब्बो ब्राउकेमाला आयुष्यात फारसं काही नको होतं. आप्पिंगेडाम या उत्तरेकडच्या डच गावात कालव्याकाठी घर होतं, सायकली दोन होत्या, बायको एक होती, आणि बांध-कालवे सांभाळणाऱ्या मंडळात नोकरी होती. बांध पोखरणारे पाणउंदीर महिन्याला किती पकडले गेले, त्याची नोंद ठेवायची, हे काम. लग्नाच्याच वर्षी लागलेल्या या नोकरीत, एकतीस वर्षांत, आपली एकदाही बेरीज चुकली नाही, हे तो स्वतःच लोकांना सांगायचा, कारण दुसरं कोणी सांगत नव्हतं. त्याला हवी होती फक्त एक गाठ.

'गाठ' हे गणिती कोड्यांचं संकेतस्थळ. तिथे कोडी सोडवायला कोणीही जातं, त्याला काही मान नाही. मान असतो कोडं घालणाऱ्याला. तुमचं नवंकोरं कोडं तीन तपासनिसांनी पास केलं, की तुमच्या नावापुढे दोरीच्या गाठीचं एक चित्र येतं. वाटाण्याएवढं. त्या वाटाण्यासाठी देशभरातली चांगली शिकली-सवरलेली माणसं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. वूब्बोचा मेव्हणा लामर्ट शाळेत भूगोल शिकवतो, गणित नाही, भूगोल. त्याच्या नावापुढे अकरा गाठी होत्या. दर वाढदिवसाला, दर नाताळाला लामर्ट बशीतलं चीज उचलता उचलता विचारायचा, "काय भावोजी, जमतंय का काही?" त्यात 'काही' हा शब्द तो फार सावकाश उच्चारायचा.

सप्टेंबरात एका रविवारी वूब्बोला कोडं सुचलं. म्हणजे तो तरी तसं म्हणतो. कोडं असं होतं: वाढदिवसाला घरची धरून बारा माणसं जमली. तिकडच्या रीतीप्रमाणे येणारा प्रत्येक जण आधी बसलेल्या प्रत्येकाचं अभिनंदन करतो. जिचा वाढदिवस तिचं तर करतोच, पण तिच्या नवऱ्याचं बायकोबद्दल, भावाचं बहिणीबद्दल, शेजारणीचं शेजारणीबद्दल. दोघांत एकदाच अभिनंदन होतं. तर एकूण अभिनंदनं किती? उत्तर: सहासष्ट.

त्याने ते पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात सफरचंदाचा केक नेला. ज्याच्याकडे काही चांगलं घडलं त्याने केक आणायचा, एवढी रीत त्यालाही कळत होती. घडायची वाट बघायची असते, हे कळत नव्हतं. "कोडं पाठवलं," असं तो म्हणाला. केक खाणाऱ्यांनी तोंड भरलेलं असताना जे ऐकलं ते वेगळंच होतं. संध्याकाळी मंडळाच्या वार्तापत्रात छापून आलं: 'आपल्या ब्राउकेमांचं कोडं प्रसिद्ध.' वूब्बोने ते तीनदा वाचलं आणि दुरुस्त करायचं राहूनच गेलं.

तपासनिसाचं उत्तर त्याआधीच येऊन पडलं होतं. पाठवल्यापासून चार मिनिटांत. तपासनिसाचं नाव होतं 'नम्र_शून्य', आणि त्या नावातलं दुसरंच काय ते खरं होतं. त्याने लिहिलं होतं: 'हे हस्तांदोलनाचं कोडं आहे. माझ्या आजोबांनाही जुनं वाटायचं. तुम्ही त्याला वाढदिवसाची टोपी घातली आहे. परत.'

वूब्बोच्या अंगाचा तिळपापड झाला. तो कुंपणापाशी गेला आणि शेजारच्या आल्ट्येबाईंना सगळं सांगितलं. आल्ट्येबाई कुंपणापलीकडून सल्ला द्यायला कायम मोकळ्या असतात. त्यांचा नवरा हार्म दिवसातून चार शब्द बोलतो, त्यामुळे उरलेले सगळे त्यांच्याकडे साठतात.

"पण तुमचं चुकलंयच मुळी, वूब्बोराव," त्या म्हणाल्या. "मी आणि हार्म तुमच्याकडे येतो तेव्हा मी हार्मचं अभिनंदन करते का? एकाच दारातून एकत्र आलो आम्ही. मी कशाला करू त्याचं अभिनंदन? त्याने केलंय काय?"

हार्मने मान हलवली. त्याने खरंच काही केलं नव्हतं.

वूब्बो तडक आत गेला. हेच तर नवं होतं. हस्तांदोलनाच्या जुन्या कोड्यात हे नव्हतं. दोन घरचे, आणि दहा पाहुणे म्हणजे पाच जोडपी. जोडपी आपापसांत अभिनंदन करत नाहीत, तेवढी पाच वजा. सहासष्टातून पाच गेले, एकसष्ट. त्याने कोडं दुरुस्त करून पाठवलं आणि वर लिहिलं, 'नम्र_शून्य यांनी आता आजोबांना विचारावं.' असं लिहायला नको होतं.

मग चर्चा सुटली. दक्षिणेतल्या लिम्बुर्गच्या एकाने लिहिलं, आमच्याकडे तीन मुके असतात, ते तीन धरायचे की एक? झेलंडच्या एकाने लिहिलं, आमच्याकडे शेजारणीचं अभिनंदन कोणी करत नाही, ही उत्तरेकडची थेरं आहेत. त्यावर उत्तरेकडचे चवताळले. एका बाईंनी कुत्र्याचं विचारलं. 'शंकू' नावाच्या दुसऱ्या तपासनिसाने विचारलं, 'यजमान जोडप्याचं काय? नवरा-बायको तेही आहेत. तेही वजा करायला हवेत का?'

वूब्बोला हा प्रश्न फारच बाळबोध वाटला. त्याने लिहिलं: 'बायकोचा वाढदिवस असला तर नवरा सकाळी उठल्या उठल्या तिचं अभिनंदन करतो. हेही सांगावं लागत असेल तर तपासनिसांच्या घरची परिस्थिती काय असेल, याची कल्पनाच केलेली बरी.' या वाक्यावर तो इतका खूश झाला की त्याने ते फ्राउक्येला मोठ्याने वाचून दाखवलं.

फ्राउक्ये इस्त्री करत होती. "छान लिहिलंयस," ती म्हणाली.

तिसरा तपासनीस 'मूळसंख्या१७' हा नियमांचा माणूस. त्याने कळवलं की हे कोडं 'जीवनातून' या विभागात मोडतं, आणि त्या विभागाला नियम चौदा लागू आहे: कोड्यातली घटना एकदा तरी प्रत्यक्ष मोजलेली हवी, सोबतचा निरीक्षणाचा फॉर्म भरलेला हवा, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. दुसऱ्या कोणी असल्या फॉर्मला हात जोडले असते. वूब्बोचे डोळे भरून आले. हयात फॉर्म भरण्यात गेलेल्या माणसाला शेवटी एक मोलाचा फॉर्म मिळाला होता.

इकडे ऑफिसात रोज कोणी ना कोणी विचारत होतं, "ब्राउकेमा, ते कोडं कुठे सापडेल? सापडत नाहीये." वूब्बो म्हणायचा, "संकेतस्थळाचं काम चालू आहे." वार्तापत्राच्या संपादिकेने तर पुढच्या अंकासाठी दुवा मागितला होता. अंक नोव्हेंबरच्या मध्यावर निघणार होता. तोवर गाठ नाही मिळाली, तर एकतीस वर्षांत पहिल्यांदा ब्राउकेमाचा आकडा खोटा ठरणार होता.

आणि नऊ नोव्हेंबरला, शनिवारी, फ्राउक्येचा साठावा वाढदिवस होता.

आजवर तिच्या वाढदिवसाला कोण येतं, कोण जातं, हे वूब्बोच्या गावीही नसायचं. तो खुर्च्या वर्तुळात मांडायचा आणि आपल्या खुर्चीत बसायचा. यंदा मात्र तो ऑक्टोबरातच यादी घेऊन बसला. फ्राउक्येला आधी बरं वाटलं, बिचारीला.

"लामर्ट आणि विक्ये," वूब्बो म्हणाला. "आल्ट्येबाई आणि हार्म. पोस्टातला तो आणि त्याची बायको. तुझी चुलत बहीण आणि तिचा तो. तुमच्या गायनमंडळातले दोघं."

"आणि रेन्स्के."

"रेन्स्के नाही."

फ्राउक्येने चष्मा काढला. "रेन्स्के नाही म्हणजे?"

"तिचा घटस्फोट झालाय. ती एकटी येणार. एकटी आली की जोडप्यांचा हिशेब विस्कटतो. तिला पुढच्या वर्षी बोलाव."

"अरे, माझी सहाव्या वर्षापासूनची मैत्रीण आहे ती. माझ्या साठीला यायचं नाही तिने?"

"कोणाला तरी बरोबर आणणार असेल तर येऊ दे. पण मग पोस्टातल्यांना गाळावं लागेल, आणि त्यांना मी सांगून बसलोय."

फ्राउक्येने चष्मा परत लावला आणि ती म्हणाली, "तुझं कोडं आहे. तू ठरव." वूब्बोला वाटलं, बायको समजूतदार मिळायला नशीब लागतं.

घरचं वाढदिवसांचं कॅलेंडर, सगळ्यांच्याच असतं तसं, संडासात समोरच टांगलेलं होतं. दिवसातून निदान दोनदा वूब्बो त्याच्यासमोर बसायचा. नऊ नोव्हेंबरपुढे 'फ्राउक्ये' लिहिलेलं होतं. वूब्बोने त्यापुढे पेन्सिलने '६१' लिहून ठेवलं.

नऊ तारखेला तो सहाला उठला. मोजणीच्या दिवशी त्याला कधीच झोप लागत नाही. फ्राउक्ये जागीच होती, पण ती बोलायच्या आत तो खाली पोचला होता. बारा खुर्च्या वर्तुळात मांडल्या. पाठीमागे नंबर चिकटवले. ऑफिसातून मोजणीयंत्र आणलं होतं, मुठीत मावणारं, अंगठ्याने दाबलं की टक् होऊन आकडा एकाने वाढतो. एकेकाळी त्यावर उंदीर मोजले जायचे. ते शून्यावर आणलं. केकचे बरोब्बर बारा तुकडे केले, तेराव्याला वाव नाही.

नऊ वाजता फ्राउक्ये खाली आली. तिने नवं निळं जाकीट घातलं होतं. ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबली.

"काही राहिलं का रे?" तिने विचारलं.

वूब्बोने यादी वरपासून खालपर्यंत तपासली. खुर्च्या, केक, कॉफी, यंत्र, पेन्सिली, फॉर्म, साक्षीदार. "नाही," तो म्हणाला. "सगळं झालं."

"बरं," म्हणून ती कॉफी ठेवायला गेली.

पाहुणे दोनला यायला लागले, आणि लगेच लक्षात आलं की पाणउंदीर मोजायला सोपे, कारण ते मेलेले असतात. आल्ट्येबाई आणि हार्म पहिले आले. टक्, टक्, टक्, टक्. दोघांनी दोघांचं केलं, चार झाली. मग लामर्ट आणि विक्ये. लामर्टने दारात यायच्या आधीच स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडून बहिणीचं अभिनंदन केलं आणि मग आत येऊन पुन्हा केलं.

"दोन्ही धरायची नाहीत," वूब्बो म्हणाला.

"भावोजी, खिडकीतलं धरताय की दारातलं?"

"दारातलं. खिडकीतलं मागे घे."

"अभिनंदन मागे घेऊ? ताई, ऐकतेयस का, तुझं एक अभिनंदन मागे घेतोय."

पोस्टातला गृहस्थ सायकल लावत बाहेर राहिला आणि बायको एकटीच आत आली. ती सगळ्यांना भेटून बसतेय तोच हा मागून आला, आणि सवयीने फिरत फिरत तिच्याही हातात हात देऊन म्हणाला, "अभिनंदन." वूब्बोने यंत्र वर धरून मोजणी थांबवली. दोघांना पुन्हा बाहेर पाठवलं, त्यांची सगळी अभिनंदनं वजा करून वहीत नोंद केली, आणि एकत्र आत येऊन पहिल्यापासून सुरुवात करायला सांगितलं. बाहेर पाऊस भुरभुरत होता. गृहस्थ आला, पण त्यानंतर तो वूब्बोशी बोलला नाही. हार्मने फ्राउक्येचं तीनदा अभिनंदन केलं, कारण बोलायला दुसरं त्याला काही सुचेना. विक्ये संडासातून बाहेर आली ती विचारत, "वन्सं, तुम्ही एकसष्टीच्या झालात? मी आपली साठ समजत होते."

"साठच," फ्राउक्ये म्हणाली.

कॉफी गार झाली. केक कोणी मागायचा नव्हता, कारण हात मोकळे हवे होते. साडेतीनला शेवटचं जोडपं बसलं. वूब्बोने यंत्र डोळ्यांसमोर धरलं.

साठ.

त्याने यंत्र झटकलं. साठच. वही काढून वजा-अधिक तपासलं. साठ. "कोणीतरी एक अभिनंदन केलेलं नाही," तो म्हणाला, आणि बारा माणसांच्या वर्तुळाकडे असा बघायला लागला, जसं कोणी चांदीचा चमचा खिशात घातलाय.

मग चौकशी सुरू झाली. वूब्बोने मोठ्या कागदावर चौकटी आखल्या, दोघादोघांची एक चौकट. एकेकाला उभं केलं. "विक्ये, तुम्ही हार्मचं केलंत? कशाबद्दल केलंत? शब्द काय वापरलेत?" विक्येने सांगितलं. बरोबरची खूण. गायनमंडळातला माणूस चाचरला, तर वूब्बोने त्याला आल्ट्येबाईंपुढे समोरासमोर उभं केलं. पोस्टातली बाई रडकुंडीला आली. चुलत बहीण म्हणाली, "आम्ही वाढदिवसाला आलोय की कचेरीत?" एक तास गेला. एकेक चौकट भरत गेली. साठ खुणा झाल्या, आणि प्रत्येक खूण खरी होती.

बोलणं हळूहळू बंद पडलं. आधी आल्ट्येबाई गप्प झाल्या, आणि तेवढ्यावरून तरी वूब्बोला काही कळायला हवं होतं. मग विक्येने लामर्टकडे पाहिलं, लामर्टने बशीतल्या चीजकडे. हार्मसुद्धा फ्राउक्येकडे बघून मग पटकन छताकडे बघायला लागला. वर्तुळात बसलेल्या प्रत्येकाला उत्तर सापडलं होतं. एकटा उभा होता त्याला सापडलं नव्हतं.

"वूब्बोराव," आल्ट्येबाई शेवटी हळूच म्हणाल्या, "ती वरची डावीकडची चौकट रिकामी आहे."

वूब्बोने बघितलं. त्या चौकटीवर लिहिलं होतं 'मी – फ्राउक्ये'. "ती विचारायची नाही," तो वैतागून म्हणाला. "ती भरलेलीच धरायची. ते गृहीत आहे."

"खरंय," फ्राउक्ये म्हणाली. "गृहीतच आहे. एकतीस वर्षं."

ती उठली. तिने वूब्बोच्या हातातून फॉर्म घेतला, आकड्याच्या जागी '६०' लिहिलं आणि साक्षीदार म्हणून खाली सही केली. लामर्टने दुसरी सही केली. मग तिने रेन्स्केला फोन लावला आणि म्हणाली, "ये गं. हो, आत्ता. केक आहे, माझा तुकडा तुला." रेन्स्के दहा मिनिटांत सायकलवर आली, भिजलेली, हातात शेवंतीचा गुच्छ, आणि फिरत फिरत सगळ्यांचं अभिनंदन करायला लागली. वूब्बोचा अंगठा सवयीने वर गेला. फ्राउक्येने त्याच्या मुठीतून यंत्र काढून घेतलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवून दिलं.

"मी तर... सकाळी गडबड होती," वूब्बो म्हणाला. ते कोणाला उद्देशून होतं, कळलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही.

रविवारी घरात शांतता होती. दुसऱ्या कोणी त्या शांततेचा काही उपयोग केला असता. वूब्बोने दिवसभर वरच्या खोलीत बसून, वहीत वजा केलेल्यांपैकी एखादं तरी अभिनंदन परत धरता येतं का, ते शोधलं.

सोमवारी संध्याकाळी त्याने 'गाठ' उघडलं. पहिल्याच पानावर नवं कोडं होतं: 'वाढदिवसाला बारा माणसं जमली. दोन घरची, पाच जोडपी पाहुणे. एकत्र आलेली जोडपी आपापसांत अभिनंदन करत नाहीत, बाकी सगळे सगळ्यांचं करतात, म्हणून यजमानाने एकसष्ट अभिनंदनं अपेक्षिली. अचूक मोजणीत साठ भरली. चूक कोणाची?' खाली निरीक्षणाचा फॉर्म जोडलेला, दोन सह्यांसकट. तिन्ही तपासनिसांनी पास केलेलं. नम्र_शून्यने तर लिहिलं होतं, 'बऱ्याच दिवसांनी काहीतरी नवं.' कोडं घालणाऱ्याचं नाव फ्राउक्ये ब्राउकेमा. नावापुढे गाठ, वाटाण्याएवढी.

त्याखाली नेहमीची माहिती होती. अवघडपणा: सोपं. एका दिवसात सोडवणारे: चारशे बारा. लागलेला सरासरी वेळ: चार मिनिटं.

मंगळवारी ऑफिसात शिरताच सगळे उठून हात मिळवायला आले. "अभिनंदन, ब्राउकेमा, बायकोबद्दल!" संपादिका म्हणाली, दुवा सापडला, फारच गोड कोडं आहे, मी लगेच सोडवलं. लेखा विभागातला माणूस म्हणाला, मीही. दाराशी बसणाऱ्या पहारेकऱ्याने तर जिन्यावरच सोडवलं होतं. सगळ्यांनी अभिनंदन केलं, एकानेही दुसरं काही विचारलं नाही, आणि अकरा वाजता कोणीतरी म्हणालं, "मग केक?" वूब्बो पावसात सायकल काढून केक आणायला गेला. सफरचंदाचा नव्हता, क्रीमचा घ्यावा लागला.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा फ्राउक्ये स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. तो ओल्या कोटानिशी दारात उभा राहिला. वाटेत सबंध तीन किलोमीटर त्याने वाक्य घोटलं होतं. घसा खाकरून तो म्हणाला, "फ्राउक्ये, अभिनंदन."

तिचा हात थांबला. तिने मान वळवून त्याच्याकडे नीट बघितलं, शनिवारी सकाळी जिन्यावरून बघितलं होतं तसं.

"कशाबद्दल?" तिने विचारलं.

वूब्बोने विचार केला. हा सरळ प्रश्न होता आणि त्याला सरळ, अचूक उत्तर द्यायचं होतं.

"गाठीबद्दल," तो म्हणाला.

"थँक्यू," फ्राउक्ये म्हणाली आणि पुढचा बटाटा घेतला. तिच्या डोक्यामागे, खिडकीत, शेवंतीच्या गुच्छाशेजारी ते यंत्र ठेवलेलं होतं. त्यावर अजून साठच होते.